कात्री खाली ठेवून

३ मार्च

चिरंजीव नातीस आजोबाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

मी, खाली सही करणारा, दुकानात व गल्लीत 'कटरमास्तर' या नावाने ओळखला जाणारा, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, शिक्षण चौथी इयत्ता पास (वर्गात पहिला), धंदा कापड कापणे, राहणार दुकानाच्या माडीवर, सत्य प्रतिज्ञेवर लिहितो की, तुझे पत्र पोहोचले, आणि तू वकील झालीस हे वाचून मला अत्यंत समाधान वाटले.

या सुरुवातीला तू हसणार, हे मी जाणतो. तुझी आजीही हसत असे. परंतु तरुणपणी एका चोरीला गेलेल्या कोटाच्या खटल्यात, तो कोट माझ्याच हातचा आहे किंवा कसे, हे सांगण्यासाठी मला कोर्टात उभे केले होते. तेथील कारकुनाने मला शिकवले की, माणसाने आधी आपण कोण, वय काय, धंदा काय ते सांगावे, मग बोलावे, आणि सरतेशेवटी कोण कोण हजर होते ते नमूद करावे. ही रीत मला पसंत पडली. बोलणारा कोण हे कळल्याखेरीज बोलणे ऐकून उपयोग तो काय? आता तर तू त्याच धंद्यात पडलीस. सबब तुला तरी हसण्याचा अधिकार उरलेला नाही.

फोन का करत नाही, असे तू विचारतेस. फोनवर मला नीट ऐकू येत नाही. ऐकू आले नाही हे सांगण्याची लाज वाटते, म्हणून मी 'बरं बरं' म्हणत सुटतो. गेल्या खेपेस तुझ्या वडिलांनी मला काहीतरी विचारले. काय विचारले ते मला अद्याप समजलेले नाही. मी मात्र होकार देऊन बसलो आहे. पत्रात असा प्रकार होत नाही.

आता कामाचे. तुझ्या काळ्या कोटाचे कापड मी स्वतः पसंत केले आणि कालच कापले. तुझ्या मैत्रिणीने घेऊन पाठवलेली मापे मिळाली होती. मुलगी गुणी असेल, पण टेप धरण्याचा तिला सराव दिसत नाही. खांद्याचा बाहीशी मेळ नव्हता, कंबर भलतीकडे गेली होती. कापताना मी ती सर्व मापे माझ्या हाताने सुधारून घेतली आहेत. इतक्या वर्षांत हाताला जे कळलेले असते ते कागदावर उतरत नाही. शिवाय तू हुबेहूब आपल्या आजीवर गेली आहेस असे सगळेच म्हणतात. तुझा बांधा मला परका नाही.

हा कोट केवळ कोट नाही, हेही तुला सांगून ठेवतो. डोळ्यांचे ऑपरेशन झाल्यापासून मी दुकानात कात्री चालवलेली नव्हती. धाकट्या शेठनी माझे टेबल जसेच्या तसे ठेवले आहे. परंतु त्यांनी एक नवा कटर आणला आहे, आणि तो माणूस खिडकीजवळच्या अरुंद फळीवर अवघडून काम करतो. पुढल्या महिन्यात शहरातल्या बँडच्या झाडून सगळ्या वादकांचे कोट आपल्याकडे शिवायला यायचे आहेत. धाकटे शेठ मला म्हणाले, "मास्तर, बँडचं कापड तुम्ही कापायचं की त्यानं, ते तुम्हीच ठरवा. मी तोंडातून शब्द काढणार नाही." मी म्हणालो, "माझ्या नातीचा कोट बिनचूक बसला तर मी कापीन. नाही बसला, तर टेबल आणि कात्री दोन्ही त्याची." दुकानात सर्वांच्या समक्ष बोललो आहे. तेव्हा परीक्षा माझी आहे, आणि ती तुझ्या अंगावर व्हायची आहे.

एक शंका. तुझ्या पत्रात 'फ्रँकली' हा शब्द जागोजागी आला आहे. 'फ्रँकली, मला इथलं ऑफिस आवडलं नाही.' 'फ्रँकली, मी परीक्षेत घाबरले होते.' वाचनालयात जाऊन मी कोश पाहिला. 'मोकळेपणाने, आडपडदा न ठेवता' असा अर्थ दिला आहे. मग तुझी उरलेली वाक्ये आडपडद्यातली समजावयाची काय? या शब्दाचा नेमका उपयोग काय, तो कळवावा.

तुझा आजोबा

हे पत्र लिहिताना हजर: काजवाल्या बाई (दुकानातली बटणांची काजे यांच्या हातची), ज्या दर दोन ओळींनी 'अजून संपलं नाही का?' असे विचारीत होत्या.


१२ मार्च

प्रिय आबा,

मी, खाली सही करणारी, धंदा वकिली (अजून एकही अशील नाही), तुमचं पत्र वाचून खुर्चीवरून पडले. मैत्रिणीला तो टेपचा भाग वाचून दाखवला. ती म्हणाली, "तुझ्या आजोबांना सांग, मी तीनदा मोजलं होतं!" रागावली नाही, पण फुगली आहे. तुम्ही लांब आहात, म्हणून वाचलात.

आता 'फ्रँकली'. कोशातला अर्थ बरोबरच आहे, पण माणसं तो शब्द तसा वापरत नाहीत. आमचे सीनियर अशिलाशी तासभर गोड बोलतात, आणि मग चष्मा काढून 'फ्रँकली...' म्हणतात. लगेच तो अशील खुर्चीत सावरून बसतो. दवाखान्यात नर्स दंडावर कापूस फिरवते ना, तसा आहे हा शब्द. कापूस फिरला की कळतं, आता सुई येणार. 'फ्रँकली, तुमची केस छान आहे' असं कधी कुणी म्हणत नाही. छान असली की 'छान आहे' म्हणून मोकळे होतात.

आणि कधी कधी माणूस तो कापूस स्वतःच्याच दंडावर फिरवतो. म्हणजे ऐकणाऱ्याला काही टोचणार नसतं, बोलणाऱ्यालाच बोलायला जड जात असतं. मी परीक्षेत घाबरले हे लिहिताना तसंच झालं होतं. बाकीची वाक्यं आडपडद्यातली नव्हती हो आबा. बाकीची नुसती सोपी होती.

तुमच्या वेळी काय म्हणायचे? बाबा सांगतात की आजी कुणाचीही भीड ठेवायची नाही, पण तिच्याबद्दल तुम्ही कधी काही लिहीत नाही. मी चार वर्षांची होते ती गेली तेव्हा. मला फक्त तिच्या पिशवीतला पुस्तकांचा वास आठवतो.

बाबांनी फोनवर काय विचारलं होतं तेही विचारून घेतलं. त्यांनी विचारलं होतं, "आबा, तिथे एकटं वाटतं का?" आणि तुम्ही म्हणालात, "बरं बरं." तेव्हापासून ते कोड्यात आहेत.

तुमची
वकिलीणबाई


२० मार्च

चिरंजीव नातीस अनेक आशीर्वाद.

मी, पूर्वीच्याच पत्रातील इसम, वय, धंदा व पत्ता यांत बदल नाही, लिहितो की, तुझा कोट आज पार्सलने रवाना केला. कच्चे टाके घालण्यापासून अस्तरापर्यंत सर्व काम माझ्या हाताचे आहे. काजे तेवढी बाईंनी केली; त्यात मी पडत नाही व त्या पडूही देत नाहीत.

शब्दाचा खुलासा समजला. आमच्या दुकानात असा शब्द नव्हता, पण त्याच्या जागी एक कृती होती. ती तुला सांगतो.

थोरले शेठ, म्हणजे आत्ताच्या धाकट्या शेठचे वडील, यांचा नियम होता की गिऱ्हाईक ट्रायलला उभे असताना अप्रिय गोष्ट सांगायची झाल्यास हातातले सर्व खाली ठेवावे. कात्री, खडू, गळ्यातला टेप, सारे टेबलावर. मग दोन्ही रिकामे हात गिऱ्हाइकाला दिसतील असे धरावे आणि बोलावे. ते म्हणत, "ज्याच्या हातात टेप आहे त्याला काहीतरी विकायचं असतं. आणि ज्याच्या हातात कात्री आहे त्याचं खरं बोलणं कुणाला ऐकवत नाही." एकदा एक जाडजूड गृहस्थ कोट अंगासरशी घट्टच हवा म्हणून हटून बसले. शेठनी एकेक वस्तू खाली ठेवली. तेवढ्यानेच गृहस्थांचा आवाज उतरला. शेठ म्हणाले, "साहेब, कात्री खाली ठेवून सांगतो. या कोटात तुम्ही उभे छान दिसाल. पण जेवायला घरी जाईपर्यंत उभंच राहावं लागेल." गृहस्थ आधी लाल झाले, मग खो खो हसले, आणि मरेपर्यंत आमचेच गिऱ्हाईक राहिले.

त्या वेळी बाकावर आपली पाळी येण्याची वाट पाहत एक मुलगी बसली होती. ती तुझी आजी.

ती वाचनालयात कामाला होती. घरोघरी पुस्तके पोहोचवण्याचे काम तिच्याकडे असे, आणि पुस्तकांची भरलेली पिशवी नेहमी डाव्या खांद्याला. लिहिणे, शिक्के मारणे, सारे डाव्याच हाताने. वाचनालयाची खोली थंड असल्याने तिला कोट हवा होता. मी माप घेतले, कापला, ट्रायल दिली आणि नेहमीप्रमाणे म्हणालो, "झकास बसलाय." तिने आरशात पाहिले, मग माझ्याकडे पाहिले.

"अहो कटर, तो टेप आधी गळ्यातून काढा. मग बोला."

दुकानात सगळे पाहत होते. मी टेप काढला, खडू ठेवला, कात्री ठेवली.

"डावा खांदा पडलाय," मी म्हणालो.

"पडणारच. पुस्तकं काय तुम्ही उचलता?"

मी तो खांदा पुन्हा उसवला. आतून पॅडचा एक जादा थर दिला, तेव्हा कुठे दोन्ही खांदे एका रेषेत आले. तो कोट घालून ती दुकानातून बाहेर पडली तेव्हा थोरल्या शेठनी माझ्याकडे असे पाहिले की, लग्न ठरण्यास मग विशेष वेळ लागला नाही. तिचे माप मी त्यानंतर पुन्हा कधी घेतले नाही. घ्यावे लागले नाही.

घरातही तिने तीच रीत चालवली. हातातले पुस्तक असो की वाटी असो, तिने ते खाली ठेवले की मी आणि तुझे वडील मनातल्या मनात आपापले गुन्हे आठवू लागत असू.

असो. विषय लांबला. बँडचे कापड पुढील आठवड्यात येईल. तुझे उत्तर येईपर्यंत मी त्याला हात लावणार नाही. कोट कसा बसला ते कात्री खाली ठेवून लिही.

तुझा आजोबा

हजर: कोणी नाही. दुकान बंद आहे.

ता. क. तुझ्या वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर सवडीने देईन.


२ एप्रिल

प्रिय आबा,

कोट मिळाला!! काय सुंदर कापड, काय ते अस्तर! फ्रँकली आबा, आमच्या सबंध ऑफिसात असा कोट कुणाकडे नाही. सीनियरसुद्धा म्हणाले, "कुणी शिवला?" मी म्हटलं, "आमच्या घरचा माणूस आहे."

काल कोर्टात पहिला दिवस होता. जज्जसाहेबांनी माझं नाव विचारलं आणि मी आधी वय सांगितलं. तुमचा परिणाम! फोटो सोबत पाठवते आहे.

आजीची गोष्ट बाबांना वाचून दाखवली. ते म्हणाले, वाटी खाली ठेवायची तो भाग अगदी खरा आहे.

इथे उकाडा सुरू झाला. तुम्ही दुपारचे दुकानात उतरू नका. घाईत आहे, बाकी नंतर.

तुमची
वकिलीणबाई


९ एप्रिल

चिरंजीव नातीस आशीर्वाद.

मी, कटरमास्तर, वय व पत्ता पूर्वीचाच, लिहितो की, तुझे पत्र येताच मी ते दुकानात मोठ्याने वाचून दाखवले. धाकट्या शेठनी पेढे मागवतो म्हटले. मी नको म्हणालो, पण मला आनंद झाला नाही असे नाही. नवा कटर स्वतः उठून आला आणि त्याने बँडच्या कापडाचा तागा उचलून माझ्या टेबलावर ठेवला. भला माणूस आहे.

मी तागा उलगडला, खडूने पहिली रेघ मारली, आणि तुझा फोटो पुन्हा पाहावा म्हणून खिशातून काढला.

फोटोत तू दाराच्या चौकटीला डावा खांदा टेकवून उभी आहेस. छातीशी फाईल धरली आहेस, तीही डाव्याच बाजूला, दोन्ही हातांनी. ट्रायल देणाऱ्या माणसाला हे नवे नाही. अंगावरचा कोट आवडला की लोक हात बाजूला सोडून उभे राहतात. नाही आवडला की त्यांना एकदम काहीतरी धरायला हवे असते.

मी फोटो काजवाल्या बाईंना दाखवला. त्यांनी पाहिला, परत दिला आणि सुईत दोरा ओवायला घेतला. ही बाई गप्प बसली, हे कोणत्याही कोर्टात पुरावा म्हणून चालावे.

मग मी तुझे पत्र पुन्हा वाचले. 'फ्रँकली, असा कोट कुणाकडे नाही.' तूच मला लिहिलेस की छान गोष्टीआधी हा शब्द कोणी लावत नाही. कापूस फिरवलास, सुई कुठे आहे? दंड पुढे करून बसलेल्या माणसाला नुसता कापूस फिरवून घरी पाठवणे ही नर्सची दया नव्हे. त्याला दुखणे घेऊन जावे लागते.

बाळ, हे कापड माझे नाही. एकदा कात्री फिरली की अख्खा तागा वाया जाईल, आणि तो वाया गेल्याचे मला दुकानात सर्वांच्या आधी कळणार नाही, सर्वांच्या नंतर कळेल. म्हातारपणी एवढी एकच भीती मला आहे. कात्री टेबलावर ठेवली आहे. तुझे उत्तर येईपर्यंत ती तिथेच राहील.

तुझा आजोबा

हजर: काजवाल्या बाई, गप्प.


१५ एप्रिल

आबा,

कात्री खाली ठेवून लिहिता येत नाही, निदान पेन तरी हातात लागतं. पेन सोडून बाकी सगळं खाली ठेवलं आहे. फाईलसुद्धा.

कोट मला बसत नाही.

डावा खांदा उंच झालाय. आत इतका जाड थर आहे की मी कान खांद्याला लावून कुणाचं तरी ऐकते आहे असं दिसतं. बाह्या मनगटाच्या वर राहतात. कंबर फार वरती येते. आणि आतला खिसा उजव्या बाजूला आहे, तिथे माझा उजवा हात जातच नाही, कोपर दुमडून मी अडकले होते. पहिल्या दिवशी कोर्टात मी मैत्रिणीचा कोट घालून गेले. तो फोटो घरी काढला होता. तुम्ही परीक्षा म्हणालात, आणि मला तुम्हाला नापास करायचं नव्हतं. बँडच्या कापडाचा विचार माझ्या डोक्यात आला होता आबा, तरी मी तसं लिहिलं. सीनियर विचारत होते ते खरं आहे. शिवण पाहूनच विचारलं त्यांनी.

मी इथल्या एका शिंप्याकडे तो थोडा मोकळा करून घेता येईल का म्हणून नेला होता. म्हातारे आहेत तेही. त्यांनी कोट उलटा केला, सुलटा केला, खांद्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "बाई, मी याला हात लावणार नाही. यात चूक काहीच नाही. फक्त हा तुमचा नाही. कुणाचा आणलात?"

मला वाटलं पार्सल बदललं असेल. पण अस्तराला तुमची खूण आहे.

मला काही समजत नाही. कोट परत पाठवते आहे, तुम्हीच बघा. आणि कापू नका, अजून कापलं नसेल तर. रागावलात तरी चालेल, पण उत्तर लिहा.

तुमची


२५ एप्रिल

चिरंजीव नातीस आजोबाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

मी, खाली सही करणारा, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, शिक्षण चौथी पास, धंदा आजपर्यंत कापड कापणे, सत्य प्रतिज्ञेवर लिहितो की, मी रागावलेलो नाही.

पार्सल मी दुकानात सर्वांच्या समक्ष सोडले. कोट बाहेर काढला आणि पुतळ्यावर चढवला. डावा खांदा उभा राहिला. बाह्या आखूड. नव्या कटरने मान खाली घातली. धाकटे शेठ उगाच रस्त्याकडे पाहू लागले. काजवाल्या बाई मात्र हातातले काम टाकून पुढे आल्या. त्यांनी कोटाचा खिसा चाचपला, उजव्या बाजूचा, आतला. त्या या दुकानात माझ्याइतक्याच जुन्या आहेत.

"अगं बाई," त्या म्हणाल्या. "मास्तर, हा तर वहिनींचा आहे."

मी टेप घेतला नाही. घ्यावा लागला नाही.

डाव्या खांद्याला जादा थर, पुस्तकांच्या पिशवीमुळे. बाही थोडी वर, कारण शिक्के मारताना तिला शाई लागत असे. आतला खिसा उजवीकडे, डाव्या हाताने चष्मा काढता यावा म्हणून. तुझ्या मैत्रिणीची मापे मी टेबलावर समोर ठेवली होती. खडूने रेघाही त्याच मापाच्या मारल्या होत्या. मग कात्री हातात घेतली आणि प्रत्येक रेघ मला चुकीची दिसू लागली. मी एकेक सुधारीत गेलो. कापत असताना मला इतके बरे वाटत होते, की डोळे पूर्ववत झाले, हात पूर्ववत झाला, असे मी समजलो. तो आनंद कशाचा होता ते आज समजले. ती गेल्यापासून मी तिच्यासाठी काही कापले नव्हते.

धाकटे शेठ एकदम खूश होऊन म्हणाले, "म्हणजे मास्तर, हात शाबूत आहे की! इतक्या वर्षांनी, टेप न लावता! डोळे बिघडले असते तर हे जमलं असतं का? बँडचं कापड तुम्हीच कापायचं."

"हात शाबूत आहे, शेठ," मी म्हणालो. "पण तो माझं ऐकत नाही."

मी गळ्यातला टेप काढून टेबलावर ठेवला. खडू ठेवला. कात्री ठेवली. थोरले शेठ गेल्यापासून या दुकानात असे कोणी केले नव्हते. मशिनवाल्यांनीसुद्धा पाय थांबवले.

"कात्री खाली ठेवून सांगतो. जिवंत पोरीची मापं समोर होती, आणि मी दुसऱ्याच बाईचा कोट कापला. वर त्या मैत्रिणीला नावं ठेवली. उद्या बँडमधल्या ढोलवाल्याला मी कुणाचा कोट चढवीन, माझं मलाच सांगता येत नाही. दुकानात असा हात नको."

"वहिनींचाच चढवाल," काजवाल्या बाई म्हणाल्या. "शोभेल ढोलवाल्याला."

सगळे हसले. मीही हसलो. नव्या कटरला शेठनी खूण केली, तरी तो जागचा हलला नाही. खाली ठेवलेली कात्री लगेच उचलायची नसते, हे त्याला कोणी शिकवलेले नव्हते. मी स्वतः कात्री पुढे केली, मूठ त्याच्याकडे करून, तेव्हा त्याने दोन्ही हातांनी घेतली. म्हणाला, "मास्तर, पहिली रेघ तुम्ही मारलेली आहे. तिच्यावरूनच कापतो." ती रेघ मी दोनदा तपासून घेतली. बरोबर होती.

टेबल आता त्याचे. मी काजांना बसलो आहे. बाई म्हणतात, पहिल्या आठवड्यातली माझी सारी काजे त्या उसवणार आहेत. असे मला थोरल्या शेठच्या वेळीही कोणी बोलले नव्हते; परंतु हे सांगताना बाईंच्या हातात सुई नव्हती, हे मी पाहिले. सबब मान्य केले.

तुझ्या मैत्रिणीस माझा नमस्कार सांग. तिची मापे बिनचूक आहेत. त्यांवरून नवा कटर तुझा दुसरा कोट कापतो आहे. तो बसेल. न बसल्यास तसे लिहावे, शब्दासहित अगर शब्दाविना.

तू मला नापास करायला भ्यालीस, याचा मला राग नाही. तुझी आजी भ्याली नसती. पण तिने मला टेप काढायला लावला तेव्हा मी तिचा कोणीही नव्हतो. नात्यात ते कठीण जाते. तरीही तू लिहिलेस, कात्री कापडाला लागण्याआधी. कोर्टात तू चांगली उभी राहशील.

पहिला कोट मी परत करणार नाही. तो माडीवर खुंटीला आहे. बाहीचा मुडपलेला काठ आज इस्त्रीने सरळ केला.

तुझ्या वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर देणे राहिले आहे. ते तूच त्यांना वाचून दाखव. फोनवर ते मला दोनदा विचारतील, आणि दुसऱ्यांदा मी पुन्हा 'बरं बरं' म्हणेन. तू शिकवलेला शब्द एकदा वापरून पाहतो. कापूस माझ्याच दंडावर आहे, तेव्हा त्यांनी घाबरू नये.

फ्रँकली, होय. वाटते.

तुझा आजोबा

हे पत्र लिहिताना समक्ष हजर: धाकटे शेठ, ज्यांनी माझा चष्मा पुसून दिला. नवा कटर. काजवाल्या बाई, ज्यांनी या खेपेस संपले का असे विचारले नाही. आणि तुझी आजी, कोटापुरती.